निरोगी मांजरांत सापडणारे नवे व्हायरस: फॉरवर्ड वाचून मांजरं हाकलण्याआधी हे वाचा

सारसोळेची_मनी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि कारण मनाला लागलेलं आहे, म्हणून आधी तेच सांगते.

नेरूळला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये नऊ मांजरं आहेत. तळमजल्यावरच्या काकू त्यांना रोज संध्याकाळी खायला घालतात, कोळणीकडून बांगड्याची डोकी आणायची, भातात शिजवायची, काटे काढायचे आणि मग नऊ वाट्या. काकूंना हिपॅटायटिस बी आहे, वीस वर्षं झाली, औषध चालू आहे, तब्येत चांगली आहे. (हे लिहायची परवानगी त्यांनीच दिली, म्हणाल्या लिही बिनधास्त, मी काय चोरी केलीय का.) गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला की मांजरांमध्ये हिपॅटायटिस बी सारखा नवा व्हायरस सापडलाय, तोही धडधाकट दिसणाऱ्या मांजरांमध्ये. झालं, दोन दिवसांत सगळ्यांचं ठरूनही गेलं की काकूंना आजार मांजरांपासूनच झाला आणि आता आपल्या पोरांना होणार. एकाने मांजरं भरून सोडून द्यायला पोती आणायची भाषा केली. काकू त्या दिवशी वाट्या घेऊन खाली आल्याच नाहीत, दार लावून बसल्या.

मी चौदा वर्षं एका लॅबमध्ये पीसीआरचं काम करते, म्हणजे सॅम्पलमधल्या डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून व्हायरस आहे का ते बघायचं, माणसांच्या सॅम्पलवर. मांजरांची डॉक्टर नाही. पण नवा व्हायरस सापडला म्हणजे नेमकं काय होतं हे रोज हाताने करते, त्यामुळे गप्प बसवेना.

तर फॉरवर्डमधला व्हायरस खरा आहे. त्याचं नाव डोमेस्टिक कॅट हेपाडनाव्हायरस, २०१८ साली ऑस्ट्रेलियात सापडला. पहिलं मांजर आजारी होतं, त्याला एफआयव्ही म्हणजे मांजरांतला एड्ससारखा व्हायरस होता आणि लिम्फोमाही, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर होता. मग त्याच शास्त्रज्ञांनी सिडनीतली पाळीव मांजरं तपासली, तर एफआयव्ही असलेल्या ६० पैकी ६ मांजरांत सापडला आणि नसलेल्या ६३ पैकी २ मांजरांत. पुढे इटली, मलेशिया, थायलंड असा बऱ्याच देशांत सापडत गेला. म्हणजे तो व्हायरस २०१८ मध्ये जन्माला आला नाही हो, तो आधीपासून असणार, आपण बघितलं २०१८ मध्ये.

आणि माणसाचा हिपॅटायटिस बी पसरतो रक्तातून, आईकडून बाळाला, शरीरसंबंधातून, दूषित सुईतून. मांजराकडून माणसाला हिपॅटायटिस बी झाल्याची नोंद नाही. या मांजरवाल्या व्हायरसने माणूस आजारी पडल्याचीही नाही. काकूंचं निदान वीस वर्षांपूर्वीचं आणि पार्किंगमधली सगळ्यात म्हातारी भाटी सात वर्षांची, एवढं गणित तरी करायचं होतं.

जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तर दुरुस्त करावं. मला हे छापून नोटीस बोर्डावर लावायचंय.

घोडबंदरी

ताई वाचून वाईट वाटलं. काकूंना सांगा आम्ही इकडे त्यांच्या बाजूने आहोत. आमच्याकडे दोन बोके आहेत, घरातच असतात, तरी फॉरवर्ड वाचून मीही रात्री जरा दचकलेच होते, खोटं कशाला सांगू.

भाऊ_वर्तकनगर

धागा चांगला आहे पण माझा प्रश्न मुळातला आहे. मांजर निरोगी आहे, खातंय पितंय, तर त्याच्यात व्हायरस शोधायचाच कशाला? आजारी जनावरांना औषध मिळत नाही, सरकारी दवाखान्यात स्टाफ नाही, आणि इकडे धडधाकट मांजराच्या तपासण्या. वर त्याचीच अर्धवट बातमी होऊन लोक घाबरतात, म्हणजे काकूंचा त्रास त्या संशोधनामुळेच झाला असं म्हणायला जागा आहे. राग मानू नका, मनापासून विचारतोय.

सारसोळेची_मनी

राग कसला भाऊ, हाच प्रश्न हवा होता.

समजा शंभर आजारी मांजरं तपासली आणि वीस जणांत एक नवा व्हायरस मिळाला. कोणीही म्हणेल सापडला गुन्हेगार. पण निरोगी शंभर तपासली आणि त्यांच्यातही वीस निघाले तर? मग तो व्हायरस नुसता तिथे राहतो, आजाराशी त्याचा संबंध आहे असं म्हणता येत नाही. निरोगी मांजर तपासलंच नाही तर हा फरक कळायचा मार्गच नाही.

माणसांतलं उदाहरण देते. १९९७ साली जपानमध्ये रक्त दिल्यानंतर हिपॅटायटिस झालेल्या एका रुग्णात नवा व्हायरस सापडला, टीटी व्हायरस, त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं टीटी होती म्हणून. सगळ्यांना वाटलं कावीळीचं नवं कारण मिळालं. मग धडधाकट लोक तपासले तर त्यांच्यातही, जगभर, बहुतेकांच्या रक्तात. आज त्याला टॉर्क टेनो म्हणतात आणि तो एकट्याने कुठला आजार करतो हे अजून कोणी दाखवू शकलेलं नाही. मांजरांतही त्याचा भाऊबंद आहे, टॉर्क टेनो फेलिस, छोटासा गोल डीएनए, दोन हजारांच्या आसपास जनुकीय अक्षरांचा.

आणि खुद्द हिपॅटायटिस बी सुद्धा आजार शोधताना सापडला नव्हता! ब्लूमबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९६० च्या दशकात वेगवेगळ्या देशांतल्या माणसांच्या रक्तातली प्रथिनं कशी वेगळी असतात ते बघत होते, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक विचित्र प्रथिन मिळालं. त्याला नावही ऑस्ट्रेलिया अँटिजेन पडलं. पुढे कळलं की हे तर कावीळीच्या व्हायरसचं कवच. त्यावरून रक्तपेढ्यांत तपासणी आली, लस आली, १९७६ ला नोबेल मिळालं. काकू आज ज्या टेस्टवर दर सहा महिन्यांनी जातात तिची सुरुवात तिथली आहे.

आजोबा_सीवूड्स

मनीताई, उत्तम लिहिताय. मी मूळचा खेड्यातला, वय ७८. लहानपणी बुळकांडी बघितली आहे. आमच्या गोठ्यातले दोन बैल तीन दिवसांत गेले, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, आणि जुलाब असे की जनावर उभं राहीना. वडील मोठे घट्ट काळजाचे, पण त्या दिवशी दावणीपाशी बसून राहिले ते उठलेच नाहीत. ती बुळकांडी जगातून संपली, २०११ साली तसं जाहीर झालं. मी कुठेतरी वाचलं की मांजरांतही बुळकांडीच्या घराण्यातला व्हायरस निघालाय. खरं आहे का?

जनावरांचा_डॉक्टर

काका, खरं आहे. मी ठाण्यात प्रॅक्टिस करतो, रोज वीसेक मांजरं टेबलावर येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बुळकांडी, माणसाचा गोवर, कुत्र्यांचा डिस्टेंपर, शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर, हे सगळे मॉर्बिलिव्हायरस, एकाच घरातले. मांजरांत असं कोणी असेल हे बराच काळ माहीत नव्हतं. २०१२ साली हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी ४५७ भटकी मांजरं तपासली, त्यातल्या ५६ मांजरांत, म्हणजे १२.३ टक्क्यांत, नवा मॉर्बिलिव्हायरस मिळाला. मिळाला कुठे, तर ५३ वेळा लघवीत. गोवरवाले व्हायरस आपण नाक-घशात शोधतो आणि हा बसलाय मूत्रपिंडात. त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, वाचला तर १६,०५० अक्षरं, या घराण्यातला तेव्हाचा सगळ्यात लांब, कारण शेपटीकडे ४०० अक्षरांचा एक लांबलचक तुकडा आहे.

त्याच अभ्यासात व्हायरसवाल्या १२ मांजरांपैकी ७ जणांच्या किडनीत विशिष्ट प्रकारची सूज होती आणि व्हायरस नसलेल्या १५ पैकी २ जणांत. म्हातारी मांजरं बऱ्याचदा किडनीने जातात, त्यामुळे आम्ही सगळे कान टवकारून बसलो. पण नंतर बऱ्याच देशांतून अभ्यास आले, काहींना संबंध दिसला, काहींना किडनी ठणठणीत असलेल्या मांजरांतही तो तितकाच मिळाला. प्रकरण अजून मिटलेलं नाही.

मनीताईंच्या मुद्द्याला एक पुरवणी, आणि ही बाजूही नोटीस बोर्डावर जायला हवी. हेपाडनाव्हायरस मांजरांसाठी अगदी निरुपद्रवी आहे असंही म्हणू नका. २०१९ मध्ये मांजरांच्या लिव्हरचे जुने नमुने तपासले गेले, तेव्हा क्रॉनिक हिपॅटायटिसच्या ४३ टक्के आणि लिव्हर कॅन्सरच्या २८ टक्के नमुन्यांत तो मिळाला, निरोगी लिव्हरमध्ये मिळाला नाही. हा संशय घेण्यासारखा पुरावा आहे. आणि भाऊ, तो पुरावा कशामुळे झाला? निरोगी लिव्हरही तपासलं म्हणून.

दुसरं, २०२३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा व्हायरस पेशीत शिरायला एनटीसीपी नावाचं प्रथिन वापरतो, आणि माणसाचा हिपॅटायटिस बी देखील तेच दार वापरतो. म्हणून तज्ज्ञ त्याच्यावर लक्ष ठेवून आहेत. लक्ष ठेवणं आणि पोती आणणं यात फरक आहे.

कळवेकरीण

डॉक्टर, मला एक विचारायचं होतं. माझी चिंगी मागच्या श्रावणात गेली, अकरा वर्षांची होती, किडनी फेल. शेवटचे दोन महिने मी रोज घरीच सलाईन लावायचे, मानेखाली कातडी चिमटीत धरून सुई घालायची, ती माझ्या कोपरावर डोकं ठेवून पडून राहायची, ओरडायची नाही. आता हे वाचून वाटतंय की तेव्हा हा व्हायरस तपासला असता तर ती वाचली असती का? मी काही करायची राहिले का?

जनावरांचा_डॉक्टर

नाही ताई. तुमचं काही राहिलं नाही. अकरा वर्षांच्या मांजरात किडनी जाणं फार नेहमीचं आहे आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली असती तरी उपचार तेच असते, सलाईन, आहार, उलटीचं औषध. या व्हायरसवर ना औषध आहे ना लस. तुम्ही दोन महिने घरी सलाईन लावलंत, माझ्याकडे येणारे किती लोक आठवड्यात हात टेकतात. चिंगीला जे मिळायला हवं होतं ते मिळालं.

कळवेकरीण

धन्यवाद डॉक्टर. बरं वाटलं.

तिठा

मी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, वाशीला. मनीताई, प्रत्यक्ष काम कसं होतं ते लिहाल का? पुस्तकात प्रायमर (व्हायरसच्या ठरावीक जागी चिकटणारा छोटा डीएनएचा तुकडा, तिथून नक्कल सुरू होते), अँप्लिफिकेशन (प्रती काढणं) वगैरे पाठ केलंय पण जो व्हायरस कोणाला माहीतच नाही त्याचा प्रायमर बनवणार कसा हे मला कधी नीट कळलं नाही.

सारसोळेची_मनी

तिठा, प्रश्न एकदम बरोबर जागी आहे. माझ्या कामात सॅम्पल माणसांचे, पण रीत तीच, बघ कसं असतं.

आधी सॅम्पल. लघवी, शीचा स्वॉब, रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये. लगेच बर्फात, कारण आरएनए फार नाजूक, मे महिन्यात आपल्याकडच्या उकाड्यात डिकीत पडून राहिला तर खराब होऊ शकतो, मग रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि आपल्याला वाटतं व्हायरस नव्हता. ठेवायचे असतील तर उणे ८० च्या फ्रीजरमध्ये.

आता अनोळखी व्हायरस. घराणं माहीत असेल तर त्या घराण्यातल्या सगळ्यांत जो भाग जवळपास सारखा असतो, बहुतेक वेळा व्हायरसची नक्कल करणाऱ्या एन्झाइमचा जीन, त्यावर सैलसर प्रायमर बनवतात. म्हणजे काही जागी एकच अक्षर पक्कं न ठेवता दोन-तीन अक्षरांची मोकळीक ठेवायची. आडनाव माहीत आहे, नाव माहीत नाही, तर आडनावाने हाक मारायची, कोणीतरी ओ देतो. घराणंही माहीत नसेल तर दुसरा मार्ग, सॅम्पलमधलं सगळंच वाचून काढायचं. मांजराचं, त्याने खाल्लेल्या मासळीचं, आतड्यातल्या बॅक्टेरियाचं, सगळ्याचे कोट्यवधी तुकडे आणि त्यातून कॉम्प्युटरवर व्हायरससारखे दिसणारे वेचायचे. सिडनीचा हेपाडनाव्हायरस असाच सापडला, आधी कोणी त्याला शोधत नव्हतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका शेल्टरमधल्या मांजरांची शी अशीच वाचली तर अ‍ॅस्ट्रो, बोका, रोटा असे कितीतरी व्हायरस एकत्र नांदताना दिसले.

लहान गोल डीएनएवाल्यांसाठी अजून एक पद्धत आहे, एन्झाइम त्या गोलावर गोल गोल फिरत राहतं आणि एकाच्या हजारो प्रती काढतं, रोलिंग सर्कल म्हणतात, तुझ्या अभ्यासात असेल.

मग जो तुकडा मिळाला तो वाचायचा, जगाच्या डेटाबेसशी ताडून बघायचा, आणि वंशवृक्ष काढायचा. आणि पूर्ण जीनोम मिळेपर्यंत थांबायचं नाही, तुकड्यावरून कोण कोणाचा चुलत आणि कोण सख्खा हे फसवं असतं, कारण दोन व्हायरस आपसांत तुकडे अदलाबदल करतात. सायप्रसमध्ये २०२३ ला मांजरं पटापट एफआयपीने, म्हणजे मांजरांच्या कोरोनाव्हायरसमुळे होणाऱ्या जीवघेण्या आजाराने, मरायला लागली तेव्हा जीनोम वाचल्यावरच कळलं की मांजराच्या कोरोनाव्हायरसने कुत्र्याच्या कोरोनाव्हायरसचा मोठा तुकडा उचललाय. नुसत्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह टेस्टला हे कधीच दिसलं नसतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. पाण्याची ट्यूब. प्रत्येक बॅचमध्ये एका ट्यूबमध्ये सॅम्पलऐवजी नुसतं शुद्ध पाणी घालून तिच्यावर सगळी प्रक्रिया करतात. मी नवीन होते तेव्हा आम्ही निकाल जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरावर, बघायचो, काळोख्या खोलीत यूव्ही दिवा लावला की केशरी पट्टी चमकते. एकदा माझ्या सहा सॅम्पलमध्ये सुंदर पट्ट्या आल्या, मी खूश, आणि मग शेवटच्या खणात, पाण्याच्या खणात, अगदी पुसट, वाकून बघितलं तरच दिसेल अशी पट्टी. सीनियर मॅडमनी काही न बोलता आठवड्याचं सगळं काम कचऱ्यात टाकायला लावलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पण पाण्यात व्हायरस आहे म्हटल्यावर त्या सहाही पट्ट्यांचा भरवसा संपला. तेव्हापासून कुठलाही रिपोर्ट हातात आला की माझी नजर आधी पाण्याच्या ट्यूबवर जाते.

हे फक्त शिकाऊ लोकांचं होतं असं नाही. चीनमध्ये हिपॅटायटिसच्या रुग्णांत एक अगदी नवा डीएनए व्हायरस मिळाल्याची मोठी बातमी झाली होती, आणि २०१३ मध्ये उघड झालं की तो रुग्णांत नव्हताच, डीएनए वेगळा काढायच्या किटमधल्या सिलिकाच्या गाळणीतून येत होता.

तिठा

ताई हे पुस्तकात एवढं स्पष्ट कुठेच नाही. आडनावाने हाक मारणं आता आयुष्यभर लक्षात राहील. उद्या प्रॅक्टिकलला मी पाण्याची ट्यूब सगळ्यात आधी बघणार.

भाऊ_वर्तकनगर

डॉक्टर, मनीताई, निरोगी मांजरांची तुलना लागते हे पटलं, मागे घेतो. पण एक आग्रह कायम आहे. बातमी देणाऱ्याने 'सापडला' आणि 'आजार करतो' हे वेगळं लिहायलाच पाहिजे. आमच्या इथे करोनाच्या वेळी अफवा पसरली आणि लोकांनी पाळलेली मांजरं पोत्यात घालून येऊर रोडला सोडली, मी स्वतः चार परत आणली होती. त्यातली एक अजून माझ्याकडे आहे.

घोडबंदरी

भाऊ, त्या चार मांजरांसाठी तुम्हाला खरंच नमस्कार.

डॉक्टर, मग आम्ही घरच्या बोक्यांची या नव्या व्हायरसची टेस्ट करून घ्यायची का? तो हर्पिसच्या घराण्यातला गॅमाहर्पिस पण ऐकला मी.

जनावरांचा_डॉक्टर

गॅमाहर्पिस २०१४ चा, अमेरिकेतल्या साधारण १६ टक्के मांजरांच्या रक्तात मिळाला, बोक्यांत जास्त. पण बोके धडधाकट असतील तर माझं स्पष्ट मत, करू नका. पॉझिटिव्ह आला तर मी वेगळं काहीच करणार नाही आणि तुमची झोप जाईल. लिव्हरचे रिपोर्ट सतत बिघडत असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा आपण बोलू.

त्याच पैशात ट्रायकॅटची, म्हणजे मांजरांच्या नेहमीच्या तीन व्हायरसवरची, लस पूर्ण करा. पिल्लं मरतात ती या नव्या व्हायरसने नाही, जुन्या पॅनल्यूकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या पार्व्होने मरतात, रोज बघतो. सकाळी खेळणारं पिल्लू संध्याकाळी पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसलेलं असतं, पाणी प्यायचंय पण पिववत नाही. तो व्हायरस जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाइलने जात नाही, ब्लीच लागतं. १९७८ च्या सुमारास जगभर कुत्र्यांत पसरलेला पार्व्हो याच्याच जवळच्या नातलगातून आला, कवचावरची मोजकी अक्षरं बदलली आणि कुत्र्याच्या पेशीचं दार उघडलं. म्हणून जीनोम वाचत राहायचं.

आणि रेबीजची लस, पार्किंगमधल्या नऊच्या नऊ मांजरांना. मांजरापासून माणसाला खरोखर धोका असलेला व्हायरस म्हणाल तर तो हा, आणि त्याची लस साधी आणि स्वस्त आहे. सोसायटीला हे सांगा.

आजोबा_सीवूड्स

डॉक्टर, बोलावलंत तर मी नेरूळला येतो मांजरं धरायला. हात अजून स्थिर आहेत. टॉवेल जाड आणतो.

सारसोळेची_मनी

मंडळी, अपडेट. रविवारी मीटिंग झाली. मी धाग्यातलं दीड पान काढून वाचलं, डॉक्टरांची ४३ आणि २८ टक्क्यांची बाजूही वाचली, लपवलं काही नाही. पोत्याची भाषा करणारे दादा शेवटी एवढंच म्हणाले की लस टोचून घेणार असाल तर माझी हरकत नाही. माफी कोणी मागितली नाही. पण दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी, बाळंतपणाला माहेरी आलीय आणि ग्रुपवर सगळ्यात जास्त घाबरलेली तीच होती, ती उठून काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांत हिपॅटायटिस बीची लस देतात ना, ते काकूंनीच तिला समजावून सांगितलं.

लस पुढच्या शनिवारी सकाळी आठला. डॉक्टर येतायत. सहा मांजरं हाताला येतात, तीन येत नाहीत, त्यांच्यासाठी दोन पिंजरे मिळालेत, अजून एक हवाय. कोणाकडे आहे का, वाशी ते बेलापूर कुठूनही घेऊन जाईन.

कळवेकरीण

चिंगीचा आहे माझ्याकडे. दाराची कडी थोडी घट्ट आहे, वर उचलून ओढावी लागते. शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याहून ट्रान्सहार्बरने येते, नेरूळ स्टेशनला भेटा. ब्लीचने धुऊन उन्हात ठेवलाय.